१२० ग्रॅमचं पाकीट

*पत्र*

ताई, आमचं यवतमाळ जिल्ह्यात सहा एकर वावर आहे, त्यातल्या पाच एकरांत कपाशी. पहिला वेचा बरा निघाला, दुसऱ्यापासून नुसती कवडी, अर्धवट उललेला किडका कापूस. हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. मामाजी म्हणतात बियाणं बोगस होतं. हे म्हणतात अळीला बीटीची सवय झाली. मला मात्र वेगळीच गोष्ट खाते आहे. पूर्वी बियाण्याच्या पिशवीतून एक लहान पाकीट वेगळं यायचं. ‘ते नॉन-बीटी आहे, त्याच्यावर अळी पडते, टाकून दे’ असं घरात सगळे म्हणायचे आणि दर वर्षी मीच ते उकिरड्यावर टाकायची. आता वाचते की ते पाकीट धुऱ्यानं, म्हणजे बांधाच्या कडेनं, लावलं असतं तर ही वेळ आली नसती. हे आमच्यामुळे झालं का? मोठे दीर फरदड ठेवायची म्हणतात, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून आणखी कापूस घ्यायचा, विहिरीला पाणी आहे. आणि गावात एक जण बिनलेबलाचं बियाणं देतो आहे, ‘यात नवीन जीन आहे, अळी येतच नाही’ म्हणून. माझं शिक्षण बारावी सायन्सपर्यंत झालं आहे, नीट समजावून सांगितलं तर समजेल. — एक सून, यवतमाळ जिल्हा

*उत्तर*

प्रिय ताई,

जे तुम्हाला खातंय त्याचं उत्तर आधी देते. नाही, हे एकट्या तुमच्यामुळे झालेलं नाही. तुमच्या घरासारखीच लाखो घरं होती आणि त्या पाकिटाचा अर्थ कुणी उंबऱ्यापर्यंत येऊन सांगितला नव्हता. पण त्या पाकिटाचा आणि या अळीचा काही संबंध नाही असं म्हणून मी तुम्हाला गप्पही करणार नाही. संबंध आहे. तुम्ही तो स्वतःहून विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात ‘सवय’ या शब्दापासून करू. तुमच्या घरातले म्हणतात तेच सगळा गाव म्हणतो, कृषी सेवा केंद्रातला माणूसही म्हणतो. बोलायला तो सोपा आहे, पण चूक आहे, आणि या चुकीतून पुढच्या कितीतरी चुका होतात. माणसाला तंबाखूची सवय होते, कारण तोच माणूस रोज थोडी थोडी खातो आणि अंगवळणी पाडून घेतो. अळीचं तसं नाही. बीटीचं विष पचवण्याची ताकद नसलेली अळी ते खाते आणि दोन-चार दिवसांत मरते. मेलेल्या अळीला सवय कसली होणार? तिचा पतंग होत नाही, ती अंडी घालत नाही, तिच्यामागे काही उरत नाही. उरते ती मुळातच वेगळी असलेली अळी.

आपल्या आज्या ज्वारीचं बियाणं कसं ठेवायच्या ते आठवा. खळ्यावर कणसं पडली की त्यातली टपोरी, भरलेली वेगळी काढायची आणि राखेत घोळून पुढच्या साली तीच पेरायची. दहा-वीस वर्षांत त्या घरची ज्वारी शेजारच्या घरापेक्षा वेगळी होई. एकाही कणसाला टपोरं व्हायची सवय झालेली नसते, निवड केलेली असते. आपण अळीची अशीच निवड केली. हजारो एकर सलग बीटी कपाशी लावली आणि साधी अळी वेचून वेचून मारली. जी मरत नव्हती तीच बियाण्याला ठेवल्यासारखी झाली. एका हंगामात या अळीच्या चार-पाच पिढ्या होतात, म्हणजे ज्वारीची निवड वर्षातून एकदा होत असेल तर हिची चार-पाचदा होत होती.

आता ‘मरत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. तुम्ही सायन्सच्या आहात, हा भाग तुम्हाला आवडेल.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. पुढे १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या अळ्यांत तो पुन्हा भेटला आणि तिथल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. हा जिवाणू आपल्या पेशीत प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. तो स्फटिक जसाच्या तसा विषारी नसतो. पतंगवर्गीय अळ्यांचं आतडं सोड्याच्या पाण्यासारखं अल्कधर्मी असतं, त्यात तो विरघळतो. मग अळीचेच पाचक रस त्याचा काही भाग तोडतात आणि खरं विष मोकळं होतं. आपलं पोट आम्लधर्मी, आणि पुढे सांगते ती खुंटीही आपल्या आतड्यात नाही, म्हणून अळीसारखा परिणाम आपल्यावर होत नाही. या जिवाणूचं ते प्रथिन बनवणारं जनुक कपाशीच्या झाडात बसवलं, की झाली बीटी कपाशी. मग झाडाच्या पानापानात, पातीत म्हणजे कळीत, बोंडात ते विष तयार होतं.

मोकळ्या झालेल्या विषाला अळीच्या आतड्याच्या भिंतीवर कुठेतरी अडकावं लागतं. भिंतीवर खुंटी असावी आणि तिला पिशवी टांगावी, तसं. त्या खुंट्या म्हणजे अळीची स्वतःचीच प्रथिनं. पहिल्या बीटीचं विष, म्हणजे क्राय १ एसी, ज्या एका मुख्य खुंटीला अडकतं तिचं नाव कॅडहेरिन. विष अडकलं की तिथे भोक पडतं, पेशी फुगून फुटते, आतडं चाळणीसारखं होतं, अळी खाणं सोडते आणि मरते. ज्या अळीत ही खुंटी तयार करणारं जनुकच मोडकं असतं, तिच्या आतड्यात विष येतं, फिरतं आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतं. तिला काहीच होत नाही. तिने विषावर काही उतारा शोधलेला नसतो. तिच्या भिंतीला खुंटीच नाही, एवढंच.

अशी मोडकी जनुकं निसर्गात आधीपासून असतात, फार थोडी. बीटी आली नसती तर ती कुणाच्या लक्षातही आली नसती. भारतातल्या प्रतिकारक्षम गुलाबी अळ्या तपासल्या तेव्हा या एकाच कॅडहेरिनच्या जनुकाचे आठ निरनिराळ्या तऱ्हांनी मोडलेले नमुने सापडले. एखाद्या गावात एकाच्या घराचं कुलूप तुटलं तर अपघात म्हणता येईल, आठ जणांची आठ तऱ्हांनी तुटली असतील तर दाब किती होता ते कळतं. दुसऱ्या बीटीचं विष, क्राय २ एबी, वेगळ्या खुंटीवर अवलंबून असतं. तिचं नाव एबीसीए २. प्रतिकारक्षम अळ्यांत ती खुंटीही मोडलेली आढळली.

आता तुमचं पाकीट.

प्रत्येक अळीकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. खुंटीची एक प्रत धड आणि एक मोडकी असेल तर खुंटी तयार होते आणि अळी बीटीवर मरते. दोन्ही मोडक्या असतील तरच ती जगते. समजायला म्हणून धरा, की हजारात एक प्रत मोडकी आहे. मग दोन्ही मोडक्या असलेली अळी किती अळ्यांत एक? हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. सगळ्या शिवारात बीटी आहे असं समजा. दहा लाख मेल्या, एक जगली, तिचा पतंग झाला. आता तो कुणाशी जुळणार? आजूबाजूला दुसरे पतंग नाहीत. जे आहेत ते त्याच्यासारखेच, बीटी खाऊन वाचलेले. दोघांकडे मोडक्याच प्रती, म्हणून त्यांचं प्रत्येक पिल्लू बीटी पचवणारं.

आणि धुऱ्याने जर बिगर-बीटी कपाशीची चार-पाच तासं, म्हणजे ओळी, असतील, तर? त्यांवर साध्या अळ्या जगतील, त्यांचे शेकडो साधे पतंग होतील. बीटीतून वाचलेला तो एक पतंग रात्री बाहेर पडेल तेव्हा त्याला जोडीदार मिळेल तो या शेकड्यांतला. पिल्लांना एक प्रत मोडकी आणि एक धड मिळेल, आणि ती पिल्लं बीटीवर मरतील. मोडकी जनुकं एकमेकांना भेटूच नयेत यासाठी मध्ये साध्या पतंगांची गर्दी उभी करायची, एवढंच त्या पाकिटाचं काम होतं. म्हणूनच २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी देतानाच अट घातली होती, की कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं बिगर-बीटी लावायचं. पिशवीत ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅमचं ते पाकीट यायचं.

‘त्याच्यावर अळी पडते’ हे तुमच्या घरातले म्हणत होते ते खरंच होतं. अळी पडावी म्हणूनच ते दिलं होतं. हे कुणी समजावलं नाही आणि पाच एकरांतल्या एका एकरावर नुकसान सोसायला सांगितलं, तेही ज्याच्याकडे पाचच एकर आहेत त्याला. ताई, मी हे पाकीट फेकणाऱ्याला दोष देत नाही. शेजाऱ्याने लावलं नाही तरी माझ्या पाच तासांतून निघालेले साधे पतंग त्याच्या शिवारालाही कामी येतात, आणि नुकसान मात्र माझं एकट्याचं होतं. असा सौदा एकेका घरावर सोडून चालत नाही. काही पाकिटांत तर बिगर-बीटी कपाशीऐवजी तुरीचं बियाणं असायचं. तुरीवर अमेरिकन बोंडअळी, म्हणजे कपाशीवरची दुसरी एक अळी, जगते, तिच्यासाठी ते ठीक. गुलाबी अळी तुरीला तोंडही लावत नाही. तिचं जवळजवळ सगळं आयुष्य कपाशीवर. म्हणजे ज्यांनी ते पाकीट मनोभावे लावलं, त्यांच्याकडेही गुलाबी अळीसाठी काही झालं नाही. अलीकडे बिगर-बीटी बी त्याच पिशवीत मिसळून देतात, वेगळं टाकायला काही उरत नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो, फक्त तो फार उशिरा आला.

उशीर किती झाला ते सांगते. २००६ मध्ये दोन विषांची बीटी आली, म्हणजे पहिल्या विषाच्या जोडीला दुसरं. दोन विषं असली की एकातून वाचलेली अळी दुसऱ्याने मरते, ही त्यामागची कल्पना. पण दोन्ही ताजी असताना बरोबर आली तरच ती पुरी चालते. इथे चार वर्षं पहिली एकटी वापरून झाली होती, आणि दोन विषांची आल्यावरही एका विषाची शेजारच्या वावरात चालूच राहिली. २००८ च्या हंगामात गुजरातेत अमरेलीच्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्या पहिलं विष पचवून जगल्या. २०१० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीने स्वतःच अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांतला प्रतिकार जाहीर केला. मग ओझं एकट्या दुसऱ्या विषावर आलं. २०१५ मध्ये गुजरातेत दोन विषांच्या कपाशीवरही ही अळी उसळली आणि २०१७ मध्ये आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात तिने कपाशीचं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ठिकठिकाणच्या अळ्या तपासल्या, तेव्हा मध्य आणि दक्षिण भारतात दोन्ही विषं पचवणारी अळी पसरल्याचं दिसलं.

म्हणून मामाजींना सांगा, की बोगस बियाणं बाजारात असतं हे खरं, पण अस्सल बियाणं लावलं असतं तरी ही अळी आली असती. याच्या उलट अमेरिकन बोंडअळी आजही बीटीने बऱ्यापैकी आटोक्यात आहे. तिच्यासाठी पूर्वी किती फवारण्या लागायच्या ते मामाजींनाच विचारा, त्यांना आठवत असेल. म्हणजे बीटी सगळीच वाया गेली असं नाही, एका अळीपुरती गेली.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. आज एक काम करा. एक हिरवं बोंड घ्या, लिंबाएवढं झालेलं पण न उललेलं. चाकूने पाकळीच्या रेघेवर चिरा. बाहेरून अळी शिरल्याचं भोक दिसणार नाही, कारण ती अगदी बारीक असताना आत जाते आणि बोंड वाढताना ते भोक बुजून जातं. आतल्या सालीवर बारीक फोडासारखा उंचवटा किंवा खाणीसारखी रेघ दिसेल, ती तिची वाट. मग ओल्या रुईत पंचवीस-तीस सरक्या दिसतील. अळी रुई खायला आलेली नसते, ती सरकी खाते. एक पोखरते, मग शेजारची, मग तिसरी.

आता त्या सरक्या कोण आहेत ते पाहा. आपल्याकडे जवळजवळ सगळी बीटी कपाशी संकरित आहे. संकरित झाडात बीटीच्या जनुकाची एकच प्रत असते. त्या झाडाच्या बोंडातली प्रत्येक सरकी ही पुढची पिढी, आणि भावंडांत जसा एखादा वेगळा निघतो तसं या सरक्यांत होतं. एका विषाच्या बाबतीत सरासरी चारांतल्या तीन सरक्यांत ते जनुक येतं, एकीत येत नाही. दोन विषांच्या कपाशीत सोळांतल्या नऊ सरक्यांत दोन्ही, तिघींत फक्त पहिलं, तिघींत फक्त दुसरं आणि एकीत एकही नाही. म्हणजे एकाच बोंडात अळीला विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी असं सगळं ताट वाढलेलं मिळतं. जिची एक प्रत मोडकी आहे आणि जी खरं तर मरायला हवी, तिलाही इथे निभावून न्यायची संधी मिळते. मोडकी जनुकं टिकवायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात कपाशीचे सरळ वाण लावतात. तिथल्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत जनुक असतं.

यावर तुम्ही विचाराल, की मग पिशवीत मिसळलेल्या बिगर-बीटी बियाण्यानेही तसंच नाही का होणार? नाही होणार. ही अळी एकदा बोंडात शिरली की दुसऱ्या झाडावर जात नाही. तिचं झाड एकतर बीटी, नाहीतर बिगर-बीटी. चीनमध्ये याचा मोठा पुरावा मिळाला. यांगत्सी नदीच्या खोऱ्यातले शेतकरी संकरित बीटीच्या कापसाचीच सरकी पुढच्या वर्षी पेरू लागले. बियाण्याचा पैसा वाचावा एवढाच त्यांचा हेतू. पण त्यामुळे चारांतलं एक झाड बिगर-बीटी उगवलं, शिवारभर विखुरलेलं. साधे पतंग भरपूर तयार होऊ लागले आणि २०१० ते २०१५ या काळात तिथल्या गुलाबी अळीतला प्रतिकार वाढायचा थांबला आणि उलट कमी होत गेला. म्हणून तुम्ही सरकी पेरा असं मी सांगत नाही. आपल्याकडे दोन्ही विषं पचवणारी अळी आधीच माजली आहे, आणि संकरिताची पुढची पिढी उत्पन्नालाही मार खाते. पण साध्या पतंगांची गर्दी खरोखर काम करते, हे त्यातून कळतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात १९९६ पासून बीटी कपाशी आहे. तिथे शेतकऱ्यांनी बिगर-बीटीचे पट्टे नेमाने राखले. पुढे २००६ पासून नापीक केलेले अब्जावधी गुलाबी पतंग विमानातून सोडले, हंगाम संपला की पराट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, मोडून नांगरट केली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कापसाच्या पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. तीच अळी आणि तीच विषं. अळीला शास्त्रीय नाव मिळालं तेही १८४३ मध्ये, आपल्या शेजारच्या भडोचच्या कपाशीवरून. तिच्या माहेरी ती माजली आणि परदेशात संपली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मोठ्या दिरांचं म्हणणं, फरदड. इथे मी सरळ सांगते, ठेवू नका. विहिरीला पाणी आहे म्हणून तर अजिबात नको.

कारण असं. पेरणीपासून शंभर-एकशेदहा दिवस झाले की झाडातलं बीटीचं विष कमी होत जातं, आणि गुलाबी अळी नेमकी शेवटाला येणारी आहे. फरदडीत विष कमी पण संपलेलं नाही, बोंडं मात्र ताजी. अर्धवट प्रतिकार असलेली अळी वाचवायला ही सगळ्यात योग्य वेळ. शिवाय थंडी पडली की अळी दोन सरक्या रेशमाने एकमेकींना जोडून आत झोपी जाते. कवडी कापसात अशा जोडसरक्या तुम्हाला सापडतील, त्या हाताने उघडून पाहा. आत गोल वळलेली अळी असेल. ती अशी महिनोन् महिने राहते आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर पडते. तुमच्या फरदडीतून मार्चमध्ये जो थोडा कापूस निघेल, त्याच्याबरोबर पुढच्या हंगामाची अळी तुम्ही स्वतः पोसलेली असेल, तुमच्यासाठी आणि शेजाऱ्यांसाठी.

दिरांना पाणी वापरायचं असेल तर उन्हाळी तीळ, मूग किंवा भुईमूग टाका. पराटी डिसेंबर संपायच्या आत मोडा. आधी शेळ्या-मेंढ्या चारा, राहिलेली हिरवी बोंडं त्या खातात. पराटीचा ढीग धुऱ्यावर किंवा घरामागे जळण म्हणून ठेवण्याची आपली पद्धत आहे. तो ढीगच अळीचं घर होतो. जाळायचीच असेल तर मेच्या आत जळून संपेल एवढीच ठेवा, बाकीची यंत्राने बारीक करून जमिनीत घाला. कवडी कापूस भाव येईल म्हणून घरात पडून राहू देऊ नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करा.

बिनलेबलाच्या बियाण्याबद्दल. गावात ज्याला चोरबीटी म्हणतात ते बहुधा हेच. त्यातलं नवीन जनुक तणनाशक सहन करण्यासाठी असतं. तण मारायचं औषध फवारलं तर झाड मरत नाही, एवढाच त्याचा उपयोग. अळीसाठी त्यात असलंच तर तेच जुनं विष असतं, जे तुमच्या वावरातली अळी पचवते आहे. त्याला परवानगी नाही, पावती मिळत नाही, आणि उगवलं नाही तर दाद कुठे मागणार? ‘अळी येतच नाही’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की यातलं कोणतं विष गुलाबी अळीला मारतं.

पुढच्या साली कपाशी करायची की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते आहे. करा, पण कमी दिवसांचा वाण निवडा, दीडशे-एकशेसाठ दिवसांत मोकळा होणारा. आणि पाणी आहे म्हणून मेमध्ये लावू नका. यामागे तिचं वेळापत्रक आहे. झोपलेल्या अळ्यांचे पतंग मे-जूनपासून निघू लागतात. त्यांना अंडी घालायला पात्या, फुलं लागतात. पाऊस पडल्यावर जूनच्या उत्तरार्धात पेरलंत तर पात्या यायला ऑगस्ट उजाडतो, तोपर्यंत पहिल्या पतंगांतले बहुतेक मरून गेलेले असतात. मेमध्ये एका जरी वावरात कपाशी लागली, तरी त्यांना पाळणा मिळाला.

पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे, लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. मोजणी तुम्ही करा आणि वहीत लिहा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर हालचाल करायची वेळ झाली. फुलं लागली की डोमकळ्या शोधा. पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारख्या चिकटलेल्या राहतात, आत अळी असते. त्या तोडून पिशवीत भरून नष्ट करा, वावरात टाकू नका. निंबोळी अर्क पाच टक्के, ट्रायकोकार्ड (अळीची अंडी मारणाऱ्या मित्रकीटकाचं कार्ड), हे सुरुवातीला. बोंडं लागली की दर आठवड्याला वावरभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडून चिरा. वीसांत दोनांत अळी निघाली की फवारणीचा विचार, त्याआधी नाही. कोणतं औषध आणि किती, हे त्या वर्षीच्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत पाहा. दुकानदाराने दोन-तीन औषधं एकत्र करून दिली तर घेऊ नका.

हे मी कळकळीने सांगते. २०१७ च्या त्याच हंगामात तुमच्याच जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, ऊन, वारा आणि पाठीवर पंप. बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ते औषध पोचतही नाही. यांना सांगा, बोंडात अळी दिसल्यावर घाबरून केलेली फवारणी अळीला कमी आणि फवारणाऱ्याला जास्त लागते. फवारायचंच तर हातमोजे, तोंडाला कापड, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेने, आणि सकाळी किंवा संध्याकाळी.

शेवटचं, तुमच्या गावाचं. एका वावराने हे सगळं केलं आणि शेजारच्याने फरदड ठेवली तर पतंग धुरा ओलांडून येतो. म्हणून बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवली तरी पुरे, की पराटी अमुक तारखेच्या आत मोडायची. जवळ जिनिंग असेल तर तिथेही सापळे लावायला सांगा, सरकीच्या ढिगातून पतंग निघतात. कृषी सहायकांना बैठकीला बोलवा.

आणि घरात हे सांगायचं कसं, असं वाटत असेल, तर सांगू नका, दाखवा. उद्या सकाळी वावरातून वीस हिरवी बोंडं आणि ओंजळभर कवडी कापूस आणा. ओसरीवर पोतं अंथरा. मामाजी, हे, मोठे दीर, सगळ्यांसमोर एकेक बोंड चिरा. जोडसरकी सापडली की ती दिरांच्याच हातात द्या आणि उघडायला सांगा. वीसांतल्या किती बोंडांत निघाली तेवढा आकडा मला कळवा, मी वाट पाहते.